हॉलसाठी शेड नंबर ४१२

२ मार्च, सोमवार. सकाळी ९

ही वही मुद्दाम सुरू करतो आहे. कारण, हॉलचा रंग. रंगाच्या बाबतीत तोंडी बोलण्यावर माझा विश्वास नाही. एकतीस वर्षं कापड गिरणीच्या रंगखात्यात काढली, शेवटची चौदा शेड मास्टर म्हणून. रोज नोंद ठेवायचो. नोंद असली की नंतर कुणाला कानावर हात ठेवता येत नाहीत.

तर नोंद. हॉलच्या भिंतीतला पाण्याचा पाइप फुटला होता, तो दुरुस्त झाला. भिंत वाळली. आता रंग. २२ तारखेला, रविवारी, रंगखात्यातली जुनी चौघं आपल्याकडे चहाला येणार. त्याआधी काम पूर्ण व्हायलाच हवं.

हिला सायीसारखा रंग हवा आहे. फिकट, किंचित पिवळसर, उबदार. हॉल आहे की दुधाचं पातेलं? मी ठरवून टाकलं आहे : शेड नंबर ४१२. गडद, निळसर करडा. थंड. भारदस्त. सूटिंगच्या एका मोठ्या ऑर्डरसाठी ही शेड मी बसवली होती. लॅबमधल्या मशीनने सात वेळा नापास केली, गिऱ्हाइकाने पहिल्या नजरेत पास केली. ते मशीन आणणारा गृहस्थ म्हणजे मीटर. खरं नाव वेगळं, पण रंग मोजायचं ते यंत्र आल्यापासून सगळं खातं त्याला मीटरच म्हणतं. मीटरही २२ ला येणार आहे. येऊ दे. चारी भिंतींवर ४१२ बघू दे एकदा.

हिला नीट समजावलं. ही म्हणाली, गडद रंगाने हॉल अंधारा होईल. मी म्हणालो, गडद वेगळं आणि अंधार वेगळा. ही म्हणाली, बरं. हिचं ‘बरं’ मला तेहतीस वर्षांत कळलेलं नाही.

संकल्प : या कामात एकदाही चिडायचं नाही. बी.पी.

३ मार्च, मंगळवार. दुपारी १२.३०

चिडलो. पण तो दोष दुकानदाराचा.

रंगाच्या दुकानात शेड कार्ड पाहिलं. रंगांना नावं दिली आहेत. ‘हनी मिल्क’. ‘डीप स्लेट’. अरे, रंगाला नंबर असतो, नाव माणसाला असतं. दुकानदार म्हणाला, काका, नमुना आणलाय का, मशीनवर ठेवला की मशीनच रंग बनवून देतं. पुन्हा मशीन. आणि मी याचा काका कधी झालो? मी म्हणालो, नमुना माझ्या डोळ्यांत आहे. तो माझ्या डोळ्यांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. उद्धटपणा, दुसरं काय.

शेवटी ‘डीप स्लेट’ ४१२ च्या जवळचा वाटला. एक छोटा डबा तो, आणि हिच्या समाधानासाठी एक छोटा ‘हनी मिल्क’. दोन्ही भिंतीवर शेजारी शेजारी लावून तुलना करणार. शास्त्रीय पद्धतीने. म्हणजे हिचं हिलाच कळेल.

४ मार्च, बुधवार

रंगारी आला. याला मी फटाफट म्हणतो, कारण काहीही विचारलं तरी ‘फटाफट होईल साहेब’ एवढंच बोलतो. भिंतीतल्या भेगांत लांबी भरून घासून झाली होती, सोफ्यामागच्या भिंतीवर दोन पट्टे मारले. डावीकडे हिचा, उजवीकडे माझा.

सकाळी १० : ओले आहेत. मत राखून ठेवतो.

दुपारी १ : हिचा पट्टा पिवळाधमक. साय कसली, हळद आहे. माझा पट्टा मळकट. चहाचा चोथा वाळत घातल्यासारखा.

सायंकाळी ५.३० : माझा पट्टा आता तपकिरी. सरळ सरळ तपकिरी. ‘डीप स्लेट’ म्हणून याने काय लावलं? फटाफटने आधीच्या गिऱ्हाइकाचा उरलेला रंग आमच्या डब्यात ओतला असणार. फोन करून झापला. तो म्हणाला, साहेब, सील तुमच्यासमोर फोडलं. फोडलं, हे खरं. पण मी तेव्हा चष्मा पुसत होतो.

हिला दोन्ही पट्टे कसे दिसतात ते विचारलं. ही म्हणाली, एक सायीचा, एक पावसाळी ढगाचा. या बाईला बारीक फरक दिसत नाही. डोळ्यांना सवय लागते, एका दिवसात होत नाही ते.

५ मार्च, गुरुवार. सकाळी ११

डबा घेऊन दुकानात. म्हटलं, यात निळा वाढवा, हा पिवळा पडलाय. दुकानदार म्हणाला, काका, हा निळसरच आहे. मी म्हणालो, तुम्ही रंग विकता, मी रंग ओळखतो. शेवटी त्याने निळा घातला. घालताना शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघून भुवया उडवल्या. मला दिसलं नाही असं त्याला वाटलं. मला सगळं दिसतं.

परत येताना फुटपाथच्या कडेवरून पाय घसरला. कडा हल्ली फुटपाथच्याच रंगाच्या करतात. कुणाच्या डोक्यातून निघतं हे?

७ मार्च, शनिवार. सायंकाळी ४

दुसरा पट्टा. कमी तपकिरी, पण अजून मळकट. पुन्हा दुकान, पुन्हा निळा. तिसरा पट्टा. तोही मळकटच.

आज स्टुलाला अडखळलो. ही म्हणाली, स्टूल आठ दिवस तिथेच आहे. असेल. पण स्टूल ठेवायची ती जागा नाही. गुडघा सोलला. ही आयोडिन लावत होती तेव्हा म्हणाली, अजून विचार करा, फिकट रंगच बरा. गुडघ्याचा आणि रंगाचा संबंध काय, विचारलं. हिने कापूस जोरात दाबला तेवढा.

हट्ट बायकांचा असतो असं म्हणतात ते उगाच नाही.

वर्तमानपत्राबद्दलही इथेच नोंदवून ठेवतो. छपाई पार घसरली आहे. शाई वाचवतात. संपादकांना पत्र लिहायला घेतलं होतं, पण कागदही फिकट रेघांचा निघाला.

८ मार्च, रविवार

मुलीचा व्हिडिओ कॉल. ती दूरच्या शहरात असते, नोकरीला. तिला माझे तिन्ही पट्टे दाखवले. ती म्हणाली, पहिला मस्त आहे बाबा, तिसरा जांभळा का केलात?

जांभळा. मोबाइलचे कॅमेरे रंग बिघडवतात हे मी तिला वीस मिनिटं समजावलं. मग तिने आईला द्यायला सांगितलं. फोन घेऊन ही स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटलं. दोघी कुजबुजत होत्या. माझ्याच घरात माझ्याविरुद्ध आघाडी.

१० मार्च, मंगळवार. दुपारी २

हिने कपाटाच्या तळातून कापडाचा एक तुकडा शोधून काढला. ४१२ चा. खरोखरचा. ऑर्डर गेली तेव्हा ताक्याच्या टोकाचा एवढा तुकडा मी घरी आणला होता म्हणे. हिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला.

फटाफटने तो तुकडा पहिल्या पट्ट्यावर धरला आणि म्हणाला, साहेब, अगदी सेम टू सेम.

मी तुकडा खिडकीत नेऊन पाहिला. मळकट, चोथ्यासारखा. म्हणजे कापडही पिवळं पडलं आहे! बारा-पंधरा वर्षं पिशवीत राहिल्यावर दुसरं काय होणार? हे मी दोघांना शांतपणे सांगितलं. फटाफट पिशवीकडे बघून म्हणाला, साहेब, अंधारात ठेवलेलं कापड पिवळं कसं पडेल?

मग मात्र माझा आवाज चढला. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, असं तोंडावर सुनावलं त्याला. एकतीस वर्षांचा अनुभव कुणाचा आणि ब्रश कुणाच्या हातात, हे विसरू नकोस म्हणालो. तो खाली मान घालून ब्रश धूत राहिला. हिने तुकडा पुन्हा पिशवीत घातला. घडीवर घडी, अगदी सावकाश. त्याचा मला जास्त राग आला.

१२ मार्च, गुरुवार. सकाळी १०.४५

पास. पाचवा डबा, पाचवा पट्टा. हाच तो. थंड, खोल, करडा, आत किंचित निळा. डोळे भरून आले. (डोळ्यांतून पाणी हल्ली एरवीही येतं, रंगाच्या वासाने.)

दुकानदार म्हणाला, काका, इतका निळा आजवर कुणी नेला नाही. अर्थात. इतकी जाण कुणाला होती?

फटाफटने तीनदा विचारलं, साहेब, नक्की ना? तिसऱ्यांदा विचारून झाल्यावर त्याने डब्याचं झाकण आणि मार्कर पुढे केला. म्हणाला, यावर सही करा, मागाहून माझ्यावर नको. मी ठळक सही केली. खाली हुद्दाही लिहिला.

हिला म्हटलं, तुझा सायीचा पट्टा आता पुसला जाईल, बघून घे शेवटचं. ही म्हणाली, मी बघितलंय. आणि भाजी आणायला गेली. भाजी घरात होती.

१५ मार्च, रविवार

दोन हात मारून झाले. ही दोन्ही दिवस स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली होती. मी सारखा हॉलमध्ये. फटाफट काम करताना एरवी शीळ घालतो. या वेळी घातली नाही. कामाचं गांभीर्य त्यालाही समजलं असावं.

१६ मार्च, सोमवार. सायंकाळी ६.१५

अप्रतिम. शब्द नाहीत.

फक्त दिवे कमी पडताहेत. सहा वाजताच हॉल मिटल्यासारखा वाटतो. दोष दिव्यांचा आहे. बल्बवर लिहिलेलं असतं एक, प्रकाश पडतो निराळाच. दोन मोठे बल्ब आणले. दुपारी शेजारचा माणूस चुकून त्याच्याकडे आलेलं आपलं पत्र द्यायला आला होता. दारातच थांबला आणि विचारलं, फोटो स्टुडिओ काढताय का. सरळ उत्तर दिलं नाही. गाढवाला गुळाची चव काय?

चहा कपाऐवजी बशीत ओतला गेला, मग टेबलावर. किटलीची चोच वाकडी आहे. नवी किटली घेणे.

१८ मार्च, बुधवार

आणखी दोन बल्ब. एकूण सहा. तरी हॉल मिटलेलाच. भिंत प्रकाश पिते म्हणे, असं इलेक्ट्रिशियन म्हणाला. भिंत काय पिते हे वायरवाल्याने मला सांगायचं!

बेडरूमच्या दाराची चौकटही त्याच रंगाची करून घेतली होती, एकसंधपणासाठी. आज दार समजून शेजारच्या भिंतीत गेलो. कपाळाला टेंगूळ. बर्फ लावताना हिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो, एवढं काही लागलेलं नाही. ही म्हणाली, लागल्याचं नाही रडत. मग कशाचं, तर उत्तर नाही. या घरात कुणीही सरळ उत्तर देत नाही, हेच माझ्या बी.पी.चं मूळ आहे.

नवा संकल्प : २२ पर्यंत कुणाशी वाद नाही. मीटरसमोर शांत, हसतमुख राहायचं. विजेत्याने आरडाओरडा करायचा नसतो.

२२ मार्च, रविवार. सायंकाळी ७.३०

क्रमाने लिहितो.

चारला चौघं आले. सहाही बल्ब लावून ठेवले होते. दारातून आत आले आणि चौघंही गप्प झाले. मला वाटलं, झालं, ओळखलं. मी म्हणालो, काही आठवतंय का? एकाने छताकडे पाहिलं. दुसऱ्याने चपला पुन्हा नीट ठेवल्या, त्या आधीच नीट होत्या. मग मीच सांगितलं, ४१२. ताक्यांचे ताके काढले आपण याचे. तिसरा म्हणाला, हो हो, छान, छान. ‘छान’ दोनदा. रंगखात्यात छान दोनदा म्हटलं की काय समजायचं हे मला ठाऊक आहे, पण त्या वेळी डोक्यात शिरलं नाही.

मी भाषण करायला घेतलं. सात वेळा मशीनने नापास केल्याचा प्रसंग मीटरकडे बघून मुद्दाम रंगवून सांगितला. चहा आला. मी स्वतः ओतला. मीटरच्या मांडीवर.

किटली नवी होती.

त्याला भाजलं नाही, चहा कोमट झाला होता. बाकीचे उठले, पुसापुशी झाली. मी किटलीवर, कपावर, हिच्यावर, सगळ्यांवर ओरडलो. सगळे बाल्कनीत सटकले. मीटर मागे थांबला. ओल्या पँटनिशी सोफ्यावर बसला आणि हळूच म्हणाला, “डोळे कधी दाखवलेस शेवटचे?”

मी उसळलो. माझ्या डोळ्यांबद्दल तू बोलायचं? तू? ज्याला यंत्राशिवाय आंबा पिकलाय की नाही ते कळत नाही त्याने? मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तो उठला नाही. ऐकत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, “माझंही असंच झालं होतं. वर्षभर मी मशीनला शिव्या घालत होतो. म्हटलं, मशीन निळा जास्त दाखवतंय. माझ्या हाताने आणलेलं मशीन रे.”

मी त्याला दार दाखवलं. खरं तर भिंत दाखवली. दार त्याच्या डावीकडे होतं. तो दाराने गेला.

२३ मार्च, सोमवार

दिवसभर मनात मीटरला दिलेली उत्तरं फार चांगली होती. काल सुचायला हवी होती.

ठरलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणार. तपासायला नव्हे. सर्टिफिकेट आणायला. नजर उत्तम असल्याचं, शिक्का-सहीनिशी. त्याच्या चार प्रती काढून चौघांना पाठवणार. मीटरला रजिस्टर्ड पोस्टाने.

हिला सांगितलं. ही लगेच म्हणाली, चला. पर्स खांद्याला लावूनच उभी होती. अपॉइंटमेंटसुद्धा घेऊन ठेवलेली, परवाची. कधी घेतली विचारलं, तर जानेवारीत, म्हणे. तीनदा पुढे ढकलली.

२५ मार्च, बुधवार. दुपारी ३

डॉक्टरीण पोरसवदा. भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. वरच्या दोन ओळी वाचल्या, बाकीच्या छपाईबद्दल तक्रार केली. मग थेंब घातले, यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली. पुन्हा यंत्र. यंत्रं माझी पाठ सोडत नाहीत.

मोतीबिंदू. दोन्ही डोळे. उजवा जास्त पिकलेला.

मी म्हणालो, माझा व्यवसाय रंगांचा आहे, माझी नजर अशी एकाएकी जाणार नाही. ती म्हणाली, एकाएकी नाही गेली, काका. तीन-चार वर्षं हळूहळू पिवळी पडत गेली. डोळ्यातलं भिंगच पिवळं होतं. निळा मळकट दिसतो, पांढरा पिवळा. सावकाश होतं म्हणून पेशंटला कळत नाही. घरच्यांना कळतं.

मी हिच्याकडे पाहिलं. ही भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती.

सर्टिफिकेट मिळालं. त्यावर ‘दोन्ही’ असं लिहिलं आहे. प्रती काढल्या नाहीत.

२८ मार्च, शनिवार

ऑपरेशन करणार नाही. या वयात डोळ्याला हात लावू देणं म्हणजे मूर्खपणा. ऐकून आहे, एकाचं बिघडलं होतं.

२८ मार्च. सायंकाळी ५

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन शुक्रवारी. ही ठरवून आली. मुलगी गुरुवारी येते आहे. त्याबाबत मला विचारण्यात आलं नाही, याची नोंद.

३ एप्रिल, शुक्रवार

(ही नोंद मुलीच्या हातची. मी सांगतो, ती लिहिते.) झालं. वीस मिनिटं. दुखलं नाही. दुखलं असतं तरी सांगितलं नसतं. (बाबा खोटं बोलताहेत, हात घट्ट धरून ठेवला होता आईचा.) हे कंसातलं वाक्य मी सांगितलेलं नाही.

४ एप्रिल, शनिवार. सकाळी ११

पट्टी निघाली. दवाखान्यातली चादर आधी दिसली. पांढरी. इतकी पांढरी चादर मी कित्येक वर्षांत पाहिलेली नाही. डॉक्टरणीला विचारलं, नवी आहे का. ती म्हणाली, बरीच जुनी आहे.

रिक्षात सगळं फार स्वच्छ होतं. पानं, पाट्या, लोकांच्या पायांतल्या चपला. फुटपाथच्या कडा काळ्या-पांढऱ्या रंगवलेल्या आहेत. नीट दिसतात. त्या कधी रंगवल्या?

घरी आलो. हॉल.

निळा. शाईची दौत चार भिंतींवर आपटून फोडावी तसा. त्यात जांभळी झाक. छतापाशी तर चकाकतो. चौकटीसकट. सहा बल्बांच्या उजेडात. त्या चौघांनी यात बसून चहा प्यायला आणि छान, छान म्हणाले.

मी सोफ्यावर बसलो. अर्ध्या तासाने ही शेजारी येऊन बसली. मला वाटलं, आता बोलणार. नाचता येईना अंगण वाकडं वगैरे. मी तयार होतो. उत्तरंही तयार होती. ही काहीच बोलेना, तेव्हा मीच चिडलो. म्हटलं, तुला कळलं होतं तर सांगितलं का नाही? सायीचा रंग, सायीचा रंग, एवढंच धरून बसलीस.

ही म्हणाली, “चारदा सांगितलं डोळ्यांचं. चारही वेळा तुम्ही चष्म्यावर डाग आहे म्हणालात. मला कुठलाही फिकट रंग चालला असता. तुम्ही भिंतीला हात लावून चालता, वर्षभर बघतेय मी. भिंत उजळ असली तर निदान दार कुठे आहे ते तरी दिसेल, एवढंच.”



मग उजव्या डोळ्याने हिच्याकडे नीट पाहिलं. हिचे केस पांढरे आहेत. पिवळसर करडे नव्हेत, पांढरे. कधी झाले, विचारलं. दोन वर्षं झाली, म्हणाली.

६ एप्रिल, सोमवार. सकाळी ८

शास्त्रीय निरीक्षण. उजवा डोळा झाकला, डाव्याने भिंत पाहिली : ४१२. शंभर टक्के. डावा झाकला, उजव्याने पाहिली : शाई. पाच-सहा वेळा करून पाहिलं, प्रत्येक वेळी तेच.

म्हणजे डाव्या डोळ्याच्या मते माझी निवड बरोबरच होती. दोघांतला खरा कोण हे एकदम ठरवता येणार नाही. घाई नको. डाव्याचं ऑपरेशन निदान वर्षभर थांबवावं, असा विचार आहे.

सकाळी ८.१० : डाव्याचं ऑपरेशन ४ मे ला आहे. ठरलेलं आहे.

७ एप्रिल, मंगळवार

मीटरला फोन केला. तीनदा रिंग जाताच कट केला, चौथ्यांदा किटलीबद्दल बोललो. पँटचा डाग गेला का, विचारलं. गेला, म्हणाला. मग तो म्हणाला, ४१२ ला मशीनने सात वेळा नापास केलं, ते चुकीचं होतं बरं का. मशीनची काच पुसलेली नव्हती. मी तेव्हा बोललो नाही.

एवढी वर्षं. याचा राग यायला हवा होता. बघू, उद्या येईल.

११ एप्रिल, शनिवार. सकाळी ९.३०

फटाफट आला. हॉलमध्ये उभा राहून चारी बाजूंना बघितलं आणि शीळ घातली. मी काही बोललो नाही. त्यानेही माझ्या सहीचं झाकण काढून दाखवलं नाही. त्याच्या स्कूटरच्या डिक्कीत असेल, मला खात्री आहे.

शेड कार्ड त्याने हिच्या हातात दिलं. माझ्या नव्हे. हिने पान उलटून ‘हनी मिल्क’वर बोट ठेवलं. फटाफटने तीनदा विचारलं नाही. एकदाही विचारलं नाही. ठीक आहे ताई, म्हणाला.

मी म्हणालो, मी काय करू?

ही म्हणाली, पेपर वाचा.

छपाई सुधारली आहे. दोन पानं वाचली. मग उठलो आणि शिडी धरली. फटाफट वरून म्हणाला, साहेब, ही घडीची शिडी आहे, चार पायांची, आपली आपण उभी राहते. धरायची गरज नाही.

तरी धरली.